म्हापशातले शनिवार आणि एक कॅसेट

आपल्याकडे नाट्यगीतं, भजनी मंडळं, बेळगावचा गणेशोत्सव यांवर सुरेख लेख येतात. माझी आवड जरा आडवाटेची. सत्तरी उलटलेला, बी.कॉम. करून बँकेत जन्म काढलेला बेळगावकर रेगे ऐकतो म्हटल्यावर व्याही मंडळी अजून हसतात. हसू देत.

१९७९ साली माझी बदली म्हापशाला झाली. आमचा कॅशियर बार्देशातलाच, त्याचा थोरला भाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला की पेटीतून कॅसेटी निघायच्या. शुक्रवारी बाजाराचा दिवस, शाखेत मान वर करायला फुरसत नसे. शनिवारी मात्र अर्धा दिवस. हिशेब जुळला की आम्ही चार-पाच जण कॅशियरच्या बाल्कांवात जाऊन बसायचो. "आयक मरे!" म्हणत तो बटण दाबायचा.

तिथंच कळलं की आधी स्का, मग रेगे. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हाचं तिथलं नाचरं संगीत म्हणजे स्का. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळा धावता मामला. पुढं लय उतरली आणि १९६८ च्या सुमारास रेगे आला. 'स्काटालाइट्स' या बँडमधले कित्येक वादक किंग्स्टनच्या आल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले. ही कॅथलिक सिस्टरांनी चालवलेली गरीब मुलांची शाळा. हे ऐकून कॅशियरची छाती फुगायची. गोव्यातही चर्चच्या पॅरिश शाळांतून व्हायोलिन, सोलफेज शिकलेली पोरं मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात गेलीच की! तो जमैकाला भावकीतलाच देश समजायचा.

माझे वडील भजनाला पखवाज वाजवणारे. एकदा बेळगावहून आले, दोन गाणी ऐकली आणि कपाळाला आठ्या. "अरे, हा समेवर येतच नाही की!" बरोबरच होतं त्यांचं. रेगेच्या एका प्रकारात चारपैकी पहिली मात्रा ड्रमवाला मोकळीच सोडतो, ठोका पडतो तिसरीवर, आणि गिटार दुसरी-चौथीवर टचटच करत राहते. वडिलांनी चहा संपेपर्यंत बोटांवर मोजलं. म्हणाले, "खाली धरून चाललाय बेटा. पण लय पक्की आहे."

बँकवाला असल्यामुळं मला आवडलेली गोष्ट वेगळीच. बॉब मार्लेचं 'नो वुमन, नो क्राय' हे गाजलेलं गाणं व्हिन्सेंट फोर्ड या त्याच्या जुन्या दोस्ताच्या नावावर आहे. ट्रेंचटाऊनच्या गरीब वस्तीत हा फोर्ड लोकांना जेवू घालायचा. पुढं त्यावरून कोर्टकज्जेही झाले, पण कागदावर नाव आजही फोर्डचंच. अशी एंट्री मी नोकरीभर पाहिली नाही.

मार्ले ११ मे १९८१ ला गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्या आठवड्यात आमचे हिशेब जुळले, पण कुणी फारसं बोललं नाही.

तीन वर्षांनी तो तारवटी भाऊही गेला, बोटीवरच. घरी त्याचा एकही धड फोटो नव्हता. राहिली एक कॅसेट. गाण्यांच्या मधे मधे तो कोकणीत बोलतो: हे कुठल्या बंदरात घेतलं, तिथं जेवायला काय मिळालं, आईनं गुडघ्याला काय लावावं. २००६ मध्ये कॅशियर मुलांपाठोपाठ इंग्लंडला, स्विंडनला गेला. जाताना पेटी माझ्याकडे ठेवून गेला. "तुज्याकडे सेफ," म्हणाला.

गोव्याचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, दर गणपतीनंतर ऊन दाखवलं, तरी यंदा त्या कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसली. माझा डेक जुना, पट्टी खातो. लावायचा धीर होत नाही. तिकडून दर रविवारी फोन येतो आणि बोलणं संपता संपता तो विचारतोच, "भावाचो आवाज आसा मरे?" मी "आसा" म्हणतो.

माझे कानही आता उतरलेत. डॉक्टर म्हणतात, उंच पट्टीचे स्वर आधी जातात, खर्ज बराच काळ टिकतो. नातवंडांचं बोलणं निसटतं, पण रेगेचा बास अजून छातीत वाजतो. त्या भावाचा आवाजही असाच भरदार होता.

तर मंडळी, बेळगाव-गोवा भागात बुरशी आलेली कॅसेट न तोडता साफ करून मोबाइलवर उतरवून देणारा खात्रीचा माणूस कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. कॅसेट पोस्टानं पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.