नाना : एक नग

नानांना कुणी स्टँड म्हटलेलं खपत नाही. कागदोपत्री ते 'जर्मन इक्वेटोरियल माउंट'. पुण्यातल्या आमच्या आकाशवेड्या टोळक्यात नाना. दुर्बीण त्यांच्या खांद्यावर बसते, कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीला लटकतो, आणि ही दोघं वर टक लावून बसलेली असताना नाना रात्रभर त्यांना घेऊन वळत राहतात. फोटो छापून येतो तेव्हा खाली दुर्बिणीचं नाव येतं, कॅमेऱ्याचं येतं, किती तासांचं एक्स्पोजर हेही येतं. नाना सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. तारे लांबट आले की मात्र सगळ्यांना आधी नानाच आठवतात.

त्यांचा सगळा स्वभाव एका हट्टात आहे. पृथ्वी फिरते, तर फिरू दे. आपण फिरायचं नाही. ती पूर्वेकडे निघते, नाना तेवढ्याच वेगाने पश्चिमेकडे वळतात, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने जागच्या जागी राहतात. एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. सूर्याचा चोवीस तासांचा दिवस त्यांनी कधी जुमानला नाही. त्यांचं पंचांग ताऱ्यांचं. पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं आकाश ओलांडायला त्यांना दोन मिनिटं लागतात. बघणाऱ्याला ते हललेले दिसतच नाहीत, त्यामुळे नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे चालू आहे का?" नाना उत्तर देत नाहीत.

घराण्याचा अभिमान मात्र भारी. मूळ पुरुष योसेफ फ्राउनहोफर. त्याने १८२४ साली डोरपाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटरची दुर्बीण केली, तिला अशा माउंटवर बसवलं आणि घड्याळी यंत्राने फिरवलं. दोनशे वर्षं झाली, घराण्याची ठेवण तीच आहे. एक अक्ष ध्रुवाकडे, दुसरा त्याच्याशी काटकोनात, दुर्बीण एका बाजूला आणि तोल सांभाळणारी लोखंडी वजनं दुसऱ्या बाजूला. घड्याळाच्या जागी मोटर आली, एवढीच काय ती सुधारणा नानांनी मान्य केली.

पुण्या-मुंबईच्या उजेडात नानांचे हाल होतात. मुंबईबाहेरच्या वांगणीचं आकाशही पूर्वीचं राहिलेलं नाही. आपल्याकडे लडाखमध्ये हानलेला २०२२ साली काळोखाचं राखीव क्षेत्र झालं, २०२४ साली नागपूरजवळच्या पेंचला 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. मग एवढं घरचं असताना नानांना घेऊन स्पेनच्या ला पाल्मा बेटावर कशाला जायचं? हा प्रश्न नानांनी विचारला नाही, व्हिसाच्या खिडकीवर विचारला गेला. "पर्यटन" असं उत्तर दिलं. काय बघणार? अंधार. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकदा कागदाकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं.

ला पाल्मा हे कॅनरी बेटांपैकी एक. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर अटलांटिकमध्ये, मालकी स्पेनची. तिकीट काढताना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण लास पाल्मास हे शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरचं शहर आणि नुसतं पाल्मा म्हणजे पार भूमध्य समुद्रातलं मायोर्का. आपलं ला पाल्मा अंधारासाठी प्रसिद्ध. तिथल्या आकाशाला १९८८ पासून स्वतःचा कायदा आहे: रस्त्यावरचे दिवे कसे असावेत, रेडिओ लहरी किती असाव्यात, वेधशाळेवरून विमानं कुठून जावीत, सगळं त्यात. गावातले दिवे पिवळट आणि माना खाली घातलेले. २००७ साली तर याच बेटावर तारे दिसण्याच्या माणसाच्या हक्काचा जाहीरनामा निघाला. नानांना पासपोर्ट नाही म्हणून, नाहीतर त्यांनी इथलं नागरिकत्व मागितलं असतं.

प्रवासात कोण कुठे बसणार यावरून त्यांचा पहिला रुसवा. दुर्बीण आणि कॅमेरा नाजूक, म्हणून ती दोघं केबिनमध्ये. लिथियमच्या बॅटऱ्यांना सामानात जायला बंदी, शंभर वॉट-तासांपर्यंतच्या असतील तर हातातल्या बॅगेत चालतात, म्हणून त्याही केबिनमध्ये. नाना नुसते डोक्यापुरते दहा किलो. त्यांना दोन स्वेटर आणि एका रजईत गुंडाळून खाली, बॅगांच्या ढिगाऱ्यात. त्यांची लोखंडी वजनं तर घरीच ठेवली. लोखंड परदेशी वाहून नेण्याचा विमानाचा दर बघितल्यावर कुणाचंच मन द्रवलं नाही.

महाग उपकरणं परदेशी नेऊन परत आणायची तर निघतानाच विमानतळावर कस्टमचा दाखला घेतलेला बरा, नाहीतर येताना 'हे तिकडेच घेतलं' म्हणून शुल्काचा घोळ होतो. रात्री दोन वाजता साहेब एकेक वस्तू बघून लिहीत होते. दुर्बीण, कॅमेरा, यांना काही अडचण आली नाही. मग नानांची रजई सोडली.

"हे काय?"

"माउंट."

"यातून काय दिसतं?"

"यातून काही दिसत नाही. दुर्बीण याच्यावर बसते."

"मग स्टँड म्हणा की!"

विमानाची वेळ झाली होती, कुणी वाद घातला नाही. दाखल्यावर लिहिलं गेलं: स्टँड, १ नग.

बेटावर पोचल्यावर नानांचं पहिलं काम म्हणजे मान वर करणं. ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढा वर, तेवढा नानांचा अक्ष कललेला हवा, आणि तो कोन म्हणजे त्या जागेचा अक्षांश. पुण्यात साडेअठरा अंश. तिथे ध्रुव बिचारा धुरक्यात आणि समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे असतो. ला पाल्मात पावणेएकोणतीस. दहा अंश वर जायचं म्हणजे एक बोल्ट फिरवायचा, पण नाना इतकी वर्षं साडेअठरावर बसलेले की तो बोल्ट जागेवरून हलेना. शेवटी भाड्याच्या गाडीतल्या हत्यारांनी काम केलं. कुरकुर मात्र बरीच दूर ऐकू गेली असावी.

ध्रुवाच्या बाबतीत नाना आपल्या पुराणकथेशी सहमत नाहीत. अढळपद वगैरे ठीक, पण आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे. तोही इतरांसारखाच त्या बिंदूभोवती छोटीशी प्रदक्षिणा घालतो. नानांच्या पोटात आरपार एक बारीक दुर्बीण आहे, तिच्या काचेवर घड्याळासारखं वर्तुळ कोरलेलं. ध्रुवाला त्या वर्तुळावर त्या वेळेच्या आकड्यावर नेऊन ठेवायचं, मध्यभागी नव्हे. हे करायला माणसाला गुडघ्यांवर बसून मान वाकडी करून वर बघावं लागतं. दुसऱ्या कुणासमोर इतकं वाकलेलं मी आमच्या टोळक्यातल्या एकालाही बघितलेलं नाही.

या कलण्याच्या प्रकरणात नाना एकटे नाहीत, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बेटाचा माथा म्हणजे रोके दे लोस मुचाचोस, २,४२६ मीटर. तिथे दुर्बिणींची वसाहतच आहे. त्यांतली आयझॅक न्यूटन दुर्बीण मूळची इंग्लंडची. १९६७ साली ससेक्समधल्या हर्स्टमन्सो इथे तिचं उद्घाटन झालं. तिथला अक्षांश जवळजवळ ५१. अडीच मीटरचा आरसा आणि वर इंग्लंडचे ढग, म्हणजे गाडी घेऊन ती अंगणातच ठेवण्याचा प्रकार. शेवटी तिला इथे हलवलं, नवा आरसा दिला, आणि १९८४ साली तिने इथलं आकाश पहिल्यांदा बघितलं. तीही इक्वेटोरियल, नानांच्याच पंथाची. त्यामुळे अक्ष ५१ वरून २९ वर आणायला तिची बैठक बदलावी लागली. आमचा एक बोल्ट, त्यांचं अख्खं अभियांत्रिकी खातं. पण दुखणं एकच.

शेजारीच १०.४ मीटरची ग्रान तेलेस्कोपियो कानारियास आहे, छत्तीस षटकोनी आरसे जोडून केलेली. तिला ध्रुवाचं काहीच सोयरसुतक नाही. ती सरळ उभी-आडवी फिरते, दोन्ही अक्षांचा हिशेब संगणक ठेवतो, आणि चित्र स्वतःभोवती फिरू लागलं तर ते सरळ करायला वेगळी यंत्रणा. नव्या मोठ्या दुर्बिणी बहुतेक अशाच असतात. नानांच्या मते ही हुशारी झाली, निष्ठा नव्हे.

रात्री वेधशाळेच्या परिसरात गाडीचे दिवे लावून हिंडणं म्हणजे पाप. म्हणून नानांचा मुक्काम खाली, यानो देल हाब्ले नावाच्या मोकळ्या जागी. पाइनची झाडं आणि पायाखाली ज्वालामुखीची काळी रेती. बेट स्वतः तापट आहे. २०२१ साली कुंब्रे व्हिएखाचा डोंगर १९ सप्टेंबरला फुटला तो १३ डिसेंबरला शांत झाला, ८५ दिवस, आणि घरं, रस्ते, केळीच्या बागा गिळून गेला. त्या रेतीत नानांचे पाय रुतायला लागले. एक मिलिमीटर खचलं तरी त्यांना चालत नाही. मग गावातून तीन फरशीचे तुकडे आणले, तिन्ही पायांखाली एकेक.

वजनांच्या जागी सुपरमार्केटमधला पाच लिटरचा पाण्याचा कॅन लटकवला. पाच लिटर म्हणजे पाच किलो, हिशेब चोख. पण फ्राउनहोफरच्या वंशजाच्या दांड्याला प्लास्टिकचा कॅन! वारा आला की तो डुचमळे, आणि नाना स्क्रीनवरच्या आलेखात आपली नाराजी नोंदवत. पहाटे तहान लागलेल्या एकाने त्यातलं दोन पेले पाणी काढलं, त्याचा परिणामही आलेखात दिसला.

आलेख कशाचा, तर गायडिंगचा. नानांच्या पोटात वर्म गिअर आहे, त्यामुळे दर काही मिनिटांनी ते किंचित पुढे जातात, किंचित मागे येतात. ही खोड कारखान्यातूनच आलेली. तिच्यावर उपाय म्हणून एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा एकच तारा धरून बसतात आणि दर दोन सेकंदांनी नानांना सांगतात: जरा डावीकडे, अंमळ उजवीकडे. नाना ऐकतात, पण दातांमधली फट भरून निघाल्यावर, म्हणजे थोडं उशिरा. खाण्याच्या बाबतीतही असेच. बारा व्होल्टच्या खाली बॅटरी उतरू लागली की आधी आवाज घोगरा होतो, मग दिशा चुकते, मग उपोषण.

त्यांचा खरा कस रात्री दोनला लागतो. लक्ष्य होतं त्रिकोणातली एम-३३ दीर्घिका, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं लांब. ला पाल्मातून ती जवळजवळ डोक्यावरून जाते. ऑक्टोबरातल्या अमावस्येला दोनच्या सुमारास ती मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडते, आणि त्यापुढे नाना तसेच वळत राहिले तर दुर्बीण ट्रायपॉडच्या पायावर आपटेल. म्हणून कूस बदलायची. ट्रॅकिंग थांबतं, दोन्ही मोटरी एकदम घरघरतात, दुर्बीण एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, पाण्याचा कॅन खाली जाऊन पुन्हा वर, आणि चार वायरी ताणल्या जातात. त्या मिनिटभरात मोठी माणसं हातात टॉर्च धरून वायरींकडे बघत उभी राहतात, कुणी कुणाशी बोलत नाही. कूस बदलून झाली की नाना बरोबर त्याच दीर्घिकेवर पुन्हा येतात. जवळपास. मग "जवळपास"ची दुरुस्ती करण्यात वीस मिनिटं जातात.

एक रात्र सहाराच्या धुळीने खाल्ली. तिकडे तिला कलिमा म्हणतात. आकाश निरभ्र असूनही दुधट. बाकी रात्री समुद्रावरचे ढग आमच्या खालीच थांबले आणि किनाऱ्यावरच्या गावांचा उरलासुरला उजेडही झाकून गेले. सकाळी लॅपटॉपवर बघितलं तर तारे टिंबासारखे गोल. आमच्यातल्या एका मित्राने दुर्बिणीच्या भिंगाची तोंडभरून स्तुती केली.

शेवटच्या रात्री शेजारी एक जर्मन गृहस्थ आले. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून डब्याएवढा माउंट काढला, ट्रायपॉडवर ठेवला, झालं. वजनं नाहीत, दांडा नाही. हार्मोनिक ड्राइव्ह: पातळ पोलादी वाटी किंचित वाकवून दात फिरवायची युक्ती, चंद्रावर १९७१ साली धावलेल्या गाडीच्या चाकांतही हीच होती. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, हे एवढं जड भारतातून आणलंत? आम्ही म्हटलं, जर्मन पद्धतीचं आहे. ते कॅनकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, माझ्या आजोबांकडे असं होतं.

परत आल्यावर परवा त्याच मित्राने एका दुकानाला फोन करून त्या हार्मोनिकची किंमत विचारली. फोन जिन्यात जाऊन केला. नाना दिवाणखान्यात होते.