समोर कोण बसलंय?

दिवाळीच्या सुट्टीत तामिळनाडूतल्या कुंभकोणमला वयोगटाची बुद्धिबळ स्पर्धा होती. मिरज-सांगलीकडच्या माझ्या बुद्धिबळ वर्गातली पोरं त्यात उतरली होती. गावात सोयीची खोली मिळेना, म्हणून तीन-चार किलोमीटरवरच्या दारासुरम्ला एका विणकराच्या घराचा वरचा मजला घेतला. खाली माग, वर आम्ही. दारासुरम्मध्ये रेशीम विणणारी सौराष्ट्री घरं बरीच आहेत. मागाचा खटखटाट थांबला की आमचे पट मांडले जायचे.

पहिल्या संध्याकाळी ऐरावतेश्वराच्या देवळात गेलो. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुढचा मंडप रथासारखा आहे, त्याला दगडी चाकं आणि जोर लावून ओढणारे घोडे. मुलं अडकली ती एका लहानशा शिल्पापाशी. हत्ती आणि बैल समोरासमोर उभे आहेत आणि दोघांत मिळून डोकं एकच. एक बाजू झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. हत्तीची चाल आणि उंटाची चाल शिकवताना मी जे सांगतो, की एकाच घराकडे दोन नजरांनी बघा, ते त्या कारागिराने दगडात आधीच सांगून ठेवलंय. देवळाच्या भिंतीवर त्रेसष्ट नायन्मार संतांच्या कथांची चिमुकली शिल्पं आहेत आणि त्या संतांची नावंही दगडात कोरलेली आहेत. कोरणाऱ्याचं नाव मुलांनी पुष्कळ शोधलं. ते काही सापडलं नाही.

रात्री पाऊस लागला. सराव म्हणून मुलं माझ्या फोनवर लिचेसवर तीन मिनिटांचे डाव खेळायला लागली. या साइटवर खातं न उघडताही खेळता येतं. समोरच्याचं नाव, देश, रेटिंग काहीच दिसत नाही, दिसते ती फक्त चाल. पहिला डाव आमच्यातला सगळ्यांत तयार मुलगा हरला. त्याने परत डाव मागितला, समोरून लगेच होकार आला, तोही हरला. मग फोन हातोहात फिरला. समोरचा नकार देत नव्हता आणि सोडतही नव्हता. पोरांचे आवाज चढले. खालून घरमालक अय्या जिना चढून वर आले आणि रागावायच्या ऐवजी तेही पाठीमागून बघत उभे राहिले.

"सर, हा प्रज्ञानंद आहे." "छे, गुकेश. आपण तामिळनाडूत आहोत ना." मुलींनी दिव्या देशमुखचं नाव लावून धरलं. नागपूरच्या मुलीने 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या वर्गात प्रत्येक चांगल्या चालीवर तिचा हक्क असतो. आपण दारासुरम्मध्ये आहोत म्हणून समोरचाही इथलाच, हे काही खरं नाही, तो चिलीतही असू शकतो, असं मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. नाव न सांगता हरवणारा माणूस भेटला की आपलं मन आधी त्याच्यासाठी मोठं नाव शोधायला लागतं.

थोरामोठ्यांचंही असंच झालेलं आहे, म्हणून त्या रात्री मुलांना नायजेल शॉर्टची गोष्ट सांगितली. शॉर्ट म्हणजे 1993 मध्ये कास्पारोवशी जगज्जेतेपदासाठी खेळलेला इंग्लंडचा ग्रँडमास्टर. 2000 च्या सुमारास इंटरनेट चेस क्लबवर त्याच्यासमोर एक पाहुणा आला. सुरुवातीच्या चाली अशा विचित्र की नवशिक्यालाही मी त्याबद्दल रागवेन: राजाच बाहेर काढायचा. आणि तिथून शॉर्टला हरवायचं, एकदा नव्हे, डावामागून डाव. शॉर्टला वाटलं, हा बॉबी फिशर. 1972 मध्ये जगज्जेता होऊन फिशर खेळातून नाहीसा झाला, 1992 मध्ये स्पास्कीशी खेळायला एकदा उगवला आणि पुन्हा लपला. म्हणून शॉर्टने परीक्षा घेतली. अरमांडो आसेवेदो माहीत आहे का, असं विचारलं. उत्तर आलं: झीगेन, 1970. त्या वर्षी झीगेनला झालेल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये फिशर या मेक्सिकन खेळाडूशी खेळला होता. शॉर्टची खात्री पटली आणि 2001 मध्ये त्याने ते वर्तमानपत्रातून जाहीर केलं. जगभर खळबळ उडाली.

फिशरने ते साफ नाकारलं. जाणकारांचं मत हळूहळू एका बाजूला झुकलं: तो कुणीतरी संगणकाच्या चाली खेळत होता. सुरुवातीच्या वेड्या चाली हाताने, पुढचं सगळं यंत्राने. आसेवेदोचं उत्तर तर कुठल्याही जुन्या डावांच्या संग्रहात मिळालं असतं. मला या गोष्टीत शॉर्टचं हसू येत नाही. त्याच्या पिढीला फिशर परत हवा होता, आणि जे हवं असतं ते अनोळखी चेहऱ्यावर चिकटवायला वेळ लागत नाही.

"मग हाही संगणकच," आमचा तयार मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एकदम सुटका होती. संगणकाशी हरलं तर हरलं असं होत नाही ना! ही पळवाट मी ऑनलाइन खेळणाऱ्या मुलांमध्ये रोज बघतो. आणि तिला आधारही आहे. 2016 च्या अखेरीस गो खेळाच्या आशियाई साइटवर 'मास्टर' नावाचा कुणी अवतरला आणि चीन, कोरिया, जपानच्या नामवंतांना हरवत सुटला. त्याला हरवणाऱ्याला चीनच्या गू ली याने एक लाख युआनचं बक्षीस लावलं. ते कुणालाच मिळालं नाही. मास्टर साठ डाव जिंकला, आणि 4 जानेवारी 2017 ला डीपमाइंडच्या डेमिस हसाबिसने सांगितलं की ती त्यांच्या अल्फागो या संगणक-प्रोग्रामची नवी आवृत्ती होती. तेव्हापासून बिननावाचा आणि न हरणारा म्हटलं की यंत्र, असं मुलांना वाटणं साहजिक आहे.

मी म्हटलं, वाटणं सोडा, डाव बघा. प्रत्येक डावाची लिंक मी जपून ठेवली होती. साइटवर प्रत्येक चालीला किती वेळ लागला तेही दिसतं. तिथे सगळं उघडं पडतं. यंत्राच्या सांगण्यावरून खेळणारा सोप्या चालीलाही तेवढाच वेळ घेतो जेवढा अवघड चालीला, कारण त्याला दोन्ही वेळा दुसरीकडे बघून यायचं असतं. घोडा मारला तर घोडा मारायचा, इतकी उघड चाल. माणूस ती क्षणात खेळतो, फसवणारा तिथेही चार सेकंद थांबतो. आमच्या पाहुण्याचे वेळ वेडेवाकडे होते. सुरुवातीच्या चाली झपाझप, मग एका ठिकाणी तब्बल अर्धं मिनिट विचार, आणि शेवटी घाई. हत्तींच्या शेवटात त्याने तिसऱ्या रांगेवर हत्ती धरून पुस्तकात असतो तसा बचाव केला, म्हणजे तो कुणाकडून तरी नीट शिकला होता. एका डावात मात्र वजीर हाताशी असताना, घड्याळ संपत आलं म्हणून, त्याने आमच्या सर्वांत धाकटीचं स्टेलमेट केलं. जिंकलेला डाव बरोबरीत गेला. चाली सुचवणारं इंजिन तसं करत नाही. ती चाल पाहिल्यावर खोलीत जो आनंद झाला तो मात हुकवल्याचा नव्हता. समोर माणूस आहे याचा होता.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेतून सुटल्यावर सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या रामानुजनच्या घरी मुलांना नेलं. छोटंसं, रस्त्याला लागून असलेलं घर, आता तिथे स्मारक आहे. 1913 च्या जानेवारीत, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करणाऱ्या या मुलाने केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र पाठवलं. पदवी नाही, ओळख नाही, पानंच्या पानं सूत्रं. आधी ज्या गणितज्ञांना लिहिलं होतं त्यांच्याकडून काही हाती लागलं नव्हतं. हार्डीलाही आधी फसवणुकीचा संशय आला. पण संध्याकाळी लिटलवुड या सहकाऱ्याबरोबर बसून त्याने ती सूत्रं एकेक करून पाहिली आणि ठरवलं की ती खरीच असणार, कारण एवढी खोटी सूत्रं रचू शकणारा ठग मिळणं एखादा अज्ञात थोर गणिती मिळण्यापेक्षा अवघड आहे. शॉर्ट आणि हार्डी दोघांसमोर अनोळखी माणूस होता. शॉर्टने चालींमागे आधीच माहीत असलेलं नाव शोधलं, हार्डीने समोरचा कागद तपासला. माझ्या मते फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

अय्यांनी मोडक्या हिंदीत आम्हाला सुचवलं की बुद्धिबळवाले आहात तर तिरुप्पूवनूरला जाऊन या. स्पर्धा संपल्यावर वलंगैमान, नीडामंगलम्वरून गेलो. भाताची शेतं, पाण्याने तुडुंब कालवे. तिथल्या शंकराचं नाव चतुरंग वल्लभनाथ, म्हणजे बुद्धिबळात निष्णात. कथा अशी: एका राजाला शंखातून मुलगी झाली, राजराजेश्वरी. ती बुद्धिबळात इतकी तरबेज की तिला कुणी हरवू शकेना. जो हरवेल त्याला मुलगी द्यायची, असं राजाने जाहीर केलं. तीर्थयात्रा करत ते इथे आले तेव्हा एक म्हातारा सिद्ध, कुठला कोण कुणाला माहीत नाही, डाव मागायला आला आणि जिंकला. राजा खचला. मग म्हाताऱ्याने खरं रूप दाखवलं, तो शंकर होता. नाव न सांगता येऊन हरवून जाणाऱ्या खेळाडूची गोष्ट इंटरनेटच्या कितीतरी शतकं आधी या कावेरीच्या खोऱ्यात सांगितली जात होती. 2022 मध्ये महाबलीपुरम्जवळ ऑलिम्पियाड भरलं तेव्हा ती देशभर ऐकली गेली.

देवळातून बाहेर येताना आमच्या धाकटीने विचारलं, "सर, तिने परत डाव नाही मागितला?" मला हा प्रश्न फार आवडला. कथेतही सगळ्यांचं लक्ष म्हातारा कोण याकडेच आहे. त्या मुलीने कोणती चाल चुकवली, पुन्हा बसली असती तर काय झालं असतं, हे कुणी सांगत नाही. आमच्या पाहुण्याने मात्र पोरींनी मागितला तेवढ्या वेळा डाव दिला होता.

तो कोण होता हे आम्हाला कधीच कळणार नाही आणि मुलांनीही आता विचारणं सोडलं आहे. त्याचे डाव वहीत उतरवून आम्ही वर्गात खेळून बघतो. बिननावाची खुर्ची ही ऑनलाइन बुद्धिबळाने दिलेली मोठी देणगी आहे असं मी मानतो. तिथे खेड्यातल्या पोराला फी भरावी लागत नाही, रेटिंग दाखवावं लागत नाही, आणि मुलगी आहे म्हणून समोरचा हलकं खेळत नाही. ही खुर्ची टिकायची तर तिच्यावर माणूसच बसला पाहिजे. म्हणून पालकांना आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांना विनंती आहे: मुलांना नाव न सांगता खेळू द्या, इंजिन डाव संपल्यावरच उघडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि पोर हरून आलं आणि "समोर संगणक होता" म्हणालं, तर तक्रारीचं बटण दाबायच्या आधी त्याच्याबरोबर बसून तो डाव पहिल्या चालीपासून एकदा बघा.