आमच्या झाडावरचा सुतार

न्यू जर्सीत आल्यापासून कागदोपत्री माझी ओळख एकच, ‘डिपेंडंट’. कराडला सहा वर्षं शाळेत शिकवलं. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नवरा ऑफिसला आणि लेक शाळेत गेली की घर एकदम गप्प. त्या शांततेत मागच्या मेपलवर टकटक ऐकू येऊ लागली. तो होता डाउनी वुडपेकर, म्हणजे छोटा सुतार पक्षी.

आपल्याकडचा सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा सुतार चांगला मोठा. हा चिमणीपेक्षा थोडाच मोठा, सहा-साडेसहा इंचांचा. उत्तर अमेरिकेतला सर्वांत लहान सुतार. पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, काळ्या पंखांवर पांढरे ठिपके. नराच्या डोक्यामागे लाल टिकली, मादीला नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, “अगं बाई, यांच्यात कुंकू बाप्या लावतो की!”

घोळ होतो तो हेअरी वुडपेकरमुळे. रंग हुबेहूब तेच, फक्त अंगाने मोठा. पण पक्षी एकटा असला की लहान-मोठा कळत नाही. म्हणून चोच बघावी. डाउनीची डोक्याच्या मानाने अगदी आखूड. हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी लांब. डाउनीच्या शेपटीच्या कडेच्या पांढऱ्या पिसांवर काळे ठिपकेही असतात. हेअरीची ती पिसं बहुधा कोरी.

हमिंगबर्ड हिवाळ्यात दक्षिणेला जातात, हा कुठेच जात नाही. बर्फातही गोल्डनरॉडच्या वाळक्या दांड्यांवरच्या गाठी फोडून आतली अळी काढतो. जे आहे त्यातून पोट भरायचं, हे मला त्याच्याकडून शिकावंसं वाटलं.

दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, १९९८ पासून. निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि नोंद पाठवायची. व्हिसा कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी मंडळाच्या मराठी शाळेतली चार मुलं घेऊन मी खिडकीशी बसले. चोच, शेपूट, ठिपका, टिकली हे शब्द पाठ करून घ्यावेच लागले नाहीत. लेक कुजबुजली, “आई, चोच छोटी आहे. डाउनीच!” कितीतरी दिवसांनी मला वर्ग मिळाला होता.

फराळाचे डबे रिकामे होईतो इथली झाडंही रिकामी होतात. पक्षी बघायला हेच दिवस चांगले. जाळीत चरबीची वडी टांगा, मुलांना जवळ बसवा, आणि आधी चोच बघा.