विडंबन, टवाळी आणि खालच्या मजल्यावरची माणसे

एखाद्या दीर्घायुषी कथाविश्वाची विनोदी उपमालिका येणार, अशी वार्ता कानी आली की निष्ठावंत चाहत्याच्या मनात आनंदाच्या आधी धास्ती उभी राहते. ज्या गोष्टीला आपण आयुष्याची काही वर्षे दिली, तिच्याकडे पाहून आता परके लोक हसणार, आणि त्या हसण्यात आपणही हास्यविषय ठरणार, अशी ती धास्ती असते. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘स्टार ट्रेक: लोअर डेक्स’ या ॲनिमेशन मालिकेची घोषणा झाली तेव्हा जगभरच्या चाहत्यांमध्ये हीच कुजबुज होती. मीही त्यांतलाच एक. भाषेचा अभ्यास हा माझा व्यासंग असल्याने माझ्या अपेक्षा थोड्या वेगळ्या वाटेने गेल्या. त्या येथे मांडाव्यात, असे पुष्कळ दिवस मनात होते.

धास्तीला कारणे होती. मालिकेचे निर्माते माइक मॅकमहान हे ‘रिक अँड मॉर्टी’ या बोचऱ्या, प्रसंगी असभ्य ॲनिमेशन मालिकेच्या लेखकवर्गातून आलेले. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेचा स्वर गंभीर आणि आशावादी. विनोद तिला वर्ज्य नव्हता. १९६७चा ट्रिबल नावाच्या केसाळ जीवांचा भाग आजही लोक हसत पाहतात. परंतु तेथे विनोद पाहुण्यासारखा येई, त्याला यजमानपद नव्हते. ॲनिमेशनचा पूर्वानुभवही संमिश्र होता. १९७३-७४मध्ये २२ भागांची एक ॲनिमेशन मालिका येऊन गेली, तिला एमी पुरस्कारही मिळाला. तरीही ती कथाविश्वात ‘प्रमाण’ मानावी की नाही, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. प्रमाण कोणते आणि अप्रमाण कोणते, हा वाद आम्हा भाषेच्या लोकांना काही नवा नाही!

याच ठिकाणी माझी पहिली अपेक्षा जन्मली. बेळगाव भागातला मराठी माणूस विनोदाविषयी थोडा सावध असतो. ‘करतोय’च्या जागी ‘करालोय’ म्हणणारी आमची बोली. महाविद्यालयात असताना एका वक्तृत्वस्पर्धेत माझ्या तोंडून हे रूप गेले आणि सभागृहात हशा पिकला. मी विनोद केलेला नव्हता. नाटक-सिनेमांतही आमच्या बाजूची बोली बहुधा गड्याच्या किंवा हवालदाराच्या तोंडी येते, आणि तिच्यातले हेल हाच विनोद मानला जातो. बोलीतून विनोद करणे वेगळे आणि बोलीवर विनोद करणे वेगळे. म्हणून या मालिकेकडून माझे पहिले मागणे होते: हसा, पण आतून हसा.

मराठीला हा भेद पुरातन काळापासून नसला, तरी निदान शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली, ती १९२५ साली पुस्तकरूपाने आली. त्या विडंबनांत तत्कालीन कवितेचे संकेत, वृत्ते, लकबी इतक्या नेमक्या उतरल्या आहेत की मूळ कविता कसून वाचल्यावाचून तसे लिहिणे अशक्य होते. टवाळी करणाऱ्याला मूळ ठाऊक नसले तरी चालते. विडंबनकाराला ते पाठ असावे लागते. मॅकमहान या कसोटीला उतरण्याची शक्यता होती, कारण ‘नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या सात पर्वांनंतरच्या, कधीही न निघालेल्या आठव्या पर्वाची काल्पनिक कथानके ते ट्विटरवर लिहीत असत. त्यातूनच २०१५ साली त्यांचे एक पुस्तकही निघाले. पाठांतर पक्के होते.

दुसरी अपेक्षा माणसांविषयी होती. मालिकेचे नाव ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९९४मधील एका भागावरून घेतलेले आहे. त्या भागात कप्तान बाजूला राहून कनिष्ठ अधिकारी कथेच्या मध्यभागी आले होते. नव्या मालिकेतली मरिनर, बॉयम्लर, टेंडी आणि रदरफर्ड ही चौकडी अशीच खालच्या मजल्यावरची. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत. तमाशाच्या गवळणीत देवाची थट्टा करण्याचा मान पेंद्याला आणि मावशीला असतो. या परंपरांत खालून आलेली भाषा वरच्या भाषेला जमिनीवर आणते. मग या चौकडीला केवळ हास्याचे निमित्त करणार, की हसण्याचा अधिकार त्यांच्या हाती देणार, हा माझा प्रश्न होता.

६ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेत पहिला भाग आला. भारतात मालिका जानेवारी २०२१मध्ये ॲमेझॉन प्राइमवर पोहोचली. पहिल्याच भागाने बरेचसे उत्तर दिले. त्याचे नावच ‘दुसरा संपर्क’ अशा अर्थाचे आहे. परग्रहाशी पहिला संपर्क साधण्याचे वैभव एंटरप्राइझसारख्या नामांकित जहाजांचे. सेरिटोस नावाचे हे जहाज मागाहून जाते: कागदपत्रांवर सह्या घेते, खाण्याची चांगली ठिकाणे शोधते आणि ग्रहाच्या नावाचे स्पेलिंग बरोबर आहे ना, हे तपासते. स्पेलिंगच्या या उल्लेखावर इतर प्रेक्षक हसले असतील. गावाच्या नावाचे लेखन म्हणजे केवढे प्रकरण असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मात्र हसता हसता पटलेही असेल की दुसऱ्या संपर्काचे काम पहिल्याइतकेच जोखमीचे आहे.

तिसरी अपेक्षा निव्वळ भाषेची. या कथाविश्वाने भाषाविज्ञानाला दोन अमोल देणग्या दिल्या आहेत. पहिली क्लिंगॉन भाषा. मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाने १९८४च्या चित्रपटासाठी ती सविस्तर घडवली आणि १९८५मध्ये तिचा कोश सिद्ध केला. तिच्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो. तिच्या ‘ड’ आणि ‘ष’ या मूर्धन्य ध्वनींनी इंग्रजी जीभ अडखळते. मराठी जिभेला ते घरचेच. दुसरी देणगी १९९१च्या ‘डार्मोक’ या भागातले टमेरियन लोक. ते केवळ आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांनी बोलतात. शब्दांचा अनुवाद होतो, अर्थ मात्र हाती लागत नाही. ‘ध चा मा झाला’ किंवा ‘विश्वास पानिपतात गेला’ हे इतिहास न जाणणाऱ्याला शब्दशः सांगून पाहा, म्हणजे टमेरियनांची अडचण कळेल.

विनोदी मालिका या देणग्यांची माती करील, असे भय होते. घडले निराळे. २०२१च्या दुसऱ्या पर्वात सेरिटोसवर केशॉन हा टमेरियन अधिकारी रुजू झाला. तो सहकाऱ्यांची भाषा शिकलेला आहे. पण मधूनच नकळत स्वभाषेच्या दाखल्यांत शिरतो आणि मग सावरून घेतो. द्विभाषिक माणसाचे हे चित्र मला फार ओळखीचे वाटले. घरी एक, कचेरीत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाचा असा पाय घसरतो. विशेष म्हणजे जहाजावरचे लोक त्यामुळे त्याला कमी लेखत नाहीत. त्याच पर्वातील ‘वेज डूज’ या भागाचे शीर्षकच क्लिंगॉन आहे. अर्थ ‘तीन जहाजे’. त्यात क्लिंगॉन आणि व्हल्कन जहाजांच्या खालच्या मजल्यांवरही तीच उपेक्षा आणि तीच उमेद दिसते. तेथली टलिन ही व्हल्कन तरुणी आपल्या लोकांत भावनाविवश म्हणून बदनाम आहे, आणि आपल्याला ती पूर्ण निर्विकार वाटते. हा विनोद व्हल्कन समाजाच्या आतून सुचलेला आहे.

सर्वच मनाजोगते झाले, असे म्हणणार नाही. आरंभीच्या भागांत संवादांचा वेग इतका की वाक्य संपण्याआधी पुढचे सुरू होते. जुन्या भागांचे उल्लेखही कधी कधी नुसत्या नामावळीसारखे येतात. नाव घेतले म्हणजे विडंबन होत नाही. पुढे हा दोष ओसरला, कारण पात्रे वाढू लागली. चौथ्या पर्वाच्या आरंभी चौकडीला बढत्या मिळतात, आणि बढतीला घाबरणारी मरिनर केवळ हशासाठी उरत नाही. २०२३मध्ये मरिनर आणि बॉयम्लर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या जिवंत नटांच्या मालिकेत सदेह अवतरले, तेव्हा प्रमाण-अप्रमाणाचा वादही बहुतेकांसाठी मिटला. १९ डिसेंबर २०२४ रोजी पाच पर्वे आणि ५० भाग पूर्ण करून मालिका थांबली.

वाचकहो, चाहत्याने अपेक्षा अवश्य ठेवाव्यात, परंतु त्या गांभीर्य जपण्याच्या नसाव्यात. गांभीर्य हे आशयाचे एक वस्त्र आहे. ते बदलले म्हणून आशय बाटत नाही. मूळ ग्रंथ वाचलेला असावा आणि हसण्याचा अधिकार ज्यांच्याविषयी हसले जाते त्यांनाही असावा, एवढ्या दोनच अटी मी घालीन. आपल्या बोलींवर विनोद लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकांपुढेही मी याच अटी ठेवतो. ‘करालोय’ म्हणणारा माणूस कथेच्या मध्यभागी बसवा, त्याला इतरांवर हसू द्या. मग आम्ही सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू.