कानाची पापणी

डोळ्याला पापणी आहे, तोंडाला ओठ आहेत. नको ते पाहणे वा बोलणे टाळण्याची सोय निसर्गाने करून ठेविली आहे. कानाला मात्र त्याने दार दिले नाही. या उणिवेची किंमत आपण पुस्तके वाचणारे लोक फारशी देत नाही. ज्यांच्या हातांनी आपली घरे उभी राहतात ते देतात.

आमचे नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. तांबटाच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहिले की कान बधिर होतात. रामाझ्झिनी नामक इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पुढील वाढविलेल्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांचे बहिरेपण नोंदविले आहे. दुखणे जुनेच, साधन तेवढे बदलले. १८९५ साली जर्मनीतील फाइन या कारखान्याने विजेवर चालणारे हाती छिद्रयंत्र तयार केले. आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून आपल्या दिवाणखान्यापर्यंत त्याचा संचार आहे, आणि आपण त्याला ड्रिल मशीन म्हणतो.

अलीकडे आमच्या घरी पुस्तकांची फडताळे बसविण्यास एक तरुण कारागीर आले होते. त्यांच्या यंत्राच्या पेटीत माहितीपत्रक होते. ते मी सवयीने उघडले. पहिल्या पानावर वॉट, फेरे आणि भोकाचे मिलिमीटर ठळक अक्षरांत होते. मागील पानावर, बारीक इंग्रजीत, दोन आकडे दडले होते: काँक्रीट फोडताना आवाज सुमारे १०० डेसिबल, आणि कंपन १० मीटर प्रति वर्ग सेकंद.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. आवाज तीन डेसिबलांनी वाढला की त्याची शक्ती दुप्पट होते. आठ तासांस ८५ डेसिबल ही अमेरिकेतील शिफारस धरली, तर १०० डेसिबल सोसण्यास दिवसाची १५ मिनिटेच उरतात. कंपनाचा हिशेब याहून कठोर आहे. ते दुप्पट झाले की मुभा चौथाईवर येते. युरोपात २००२ च्या नियमाने आठ तासांच्या कामास २.५ हा सावधगिरीचा आकडा आणि ५ ही कमाल मर्यादा ठरविली. म्हणजे या यंत्रावर अर्ध्या तासात सावध व्हावे, आणि दोन तासांत हात थांबवावा. अर्थात यात यंत्र प्रत्यक्ष चालू असलेला वेळच धरावयाचा.

"बोटांना मुंग्या येतात का हो?" मी विचारले.

"येतात, सर. दिवाळीनंतर थंडी पडली की जास्त."

"मग कानात काही का घालीत नाही?"

"कान बंद केला तर बिट सळईला लागली हे कळणार कसं?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कान हेही त्यांचे एक हत्यारच आहे. पण कानावरची टोपणे आवाज पुसून टाकीत नाहीत, उतरवितात. सुरातला पालट थोड्या सवयीने ओळखू येतो. मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष करून चालावयाचे नाही. १९१८ साली डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील बेडफर्ड येथे हवेच्या हातोड्याने दगड घडविणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात असे दाखविले. ही व्याधी बळावली की सदऱ्याची गुंडी लावणेही जड जाते.

उपाय अवघड नाहीत. बिट धारदार असावी. बोथट बिट वेळ व कंपन दोन्ही वाढविते. आडवी मूठ लावावी, यंत्र आवळून धरू नये, हात उबदार ठेवावे, काम दोघांनी आलटून पालटून करावे. काँक्रीटचे काम पुष्कळ असेल तर साध्या ठोक्याच्या ड्रिलऐवजी रोटरी हॅमर घ्यावा; तो भोक लवकर पाडतो आणि हातांचा वेळ वाचवितो.

परंतु हे सांगावयाचे कोणी? यंत्र विकत घेणारा वॉट विचारतो, घरमालक मजुरी विचारतो, आणि मागचे पान ज्याच्यासाठी छापले त्याला ती भाषा येत नाही. आपल्याला ती येते. कारागीर दारी आला म्हणजे चहाबरोबर ते पान मराठीत वाचून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. आणि "आज अर्धीच भोके पाडा, उरलेली उद्या" एवढे म्हटल्याने आपली फडताळे काही पळून जात नाहीत.