गेम डिझायनर व्हायला डिग्री लागते का?



डी.एड. केल्याशिवाय मला पहिलीच्या वर्गात खडू हातात घेता आला नसता. नियमच तसा आहे. डॉक्टर-वकिलांचंही तेच. म्हणून कुठलंही काम म्हटलं, की आपण आधी विचारतो, "डिग्री कोणती?"

परवा एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी हेच विचारलं. मुलगा बारावीला आहे, गेम डिझायनर व्हायचं म्हणतो. एका खासगी संस्थेने कोर्सची फी काही लाखांत सांगितली आहे. शेतावर कर्ज काढू का, हा त्यांचा खरा प्रश्न.

या कामाला परवाना लागत नाही. कंपनी आधी म्हणते, तू काय बनवलंस ते दाखव. 1989 साली 'सिमसिटी' आणणाऱ्या विल राइट यांनी कॉलेजं बदलली, पण पदवी घेतलीच नाही. 'मारिओ'वाले शिगेरू मियामोतो मात्र कला महाविद्यालयात औद्योगिक डिझाइन शिकले होते. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते एरिक बॅरोन यांचं उदाहरण. कॉम्प्युटर सायन्सची पदवी हातात, पण नोकरी मिळेना. मग सराव म्हणून त्यांनी एक शेतीचा गेम बनवायला घेतला. चित्रं, संगीत, कोडिंग सगळं एकट्याने, चार वर्षांहून जास्त काळ. तोच 2016 मधला 'स्टारड्यू व्हॅली'. पदवीने नोकरी दिली नाही, हे खरं. पण कॉम्प्युटरचं शिक्षण वाया गेलं असंही मी म्हणणार नाही.

आणि कागदाचं महत्त्व आहेच की! अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव मागतो. एनआयडीत डिजिटल गेम डिझाइन एम.डेस.ला आहे, म्हणजे आधी पदवी हवीच. शिवाय 2023-24 मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांत मोठी नोकरकपात झाली. अशा वेळी साधी बी.एस्सी. कॉम्प्युटर दुसरीकडे काम मिळवून देऊ शकते. 'गेम डिझाइन'चं खासगी सर्टिफिकेट तेवढं उपयोगी पडेल असं मला वाटत नाही.

मुळात गेम डिझाइन म्हणजे नुसतं चित्र किंवा कोडिंग नव्हे, नियम बसवणं. माझ्या तिसरीच्या मुलांनी स्वतःची सापशिडी काढली होती. एकीने शेवटच्या ओळीत पाच साप टाकले. कुणी जिंकेना, पोरं कंटाळून उठली. तिने न सांगता तीन साप खोडले आणि सगळ्यांना परत बोलावलं. (हे कुठल्या विषयाच्या तासिकेत बसवायचं, ते मात्र विचारू नका!)

त्या वडिलांना मी म्हटलं, दादा, कर्ज आत्ता नको. गोडॉट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला एकच छोटा गेम पूर्ण करू द्या. पूर्ण, अर्धा नाही. पाच जणांना खेळायला द्यायचा आणि ते कुठे अडतात ते गप्प बसून बघायचं. तो यात टिकला, तर जवळच्या कॉलेजात साधी पदवी आणि सोबत गेम बनवणं चालू. एवढं करूनही ती संस्था हवीच असेल, तर फी भरण्याआधी तिथे जाऊन एवढंच म्हणा, "मागच्या बॅचच्या मुलांनी बनवलेले गेम आम्हाला खेळायला द्या."