वॉर्सामधले केस पेपर

समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला मी केस रेकॉर्डिंग शिकवते. मुलांना गृहभेटी आवडतात, लिखापढीचा मात्र कंटाळा. नाव, वय, धर्म, घरातली माणसं, आजार... 'ही तर कारकुनी, मॅडम!' मग मी त्यांना आधी बर्लिनला नेते, मग वॉर्साला.

जर्मनीत समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया घातला तो ॲलिस सालोमन यांनी. 1908 साली त्यांनी बर्लिनमध्ये स्त्रियांसाठी समाजकार्याची शाळा काढली. जन्माने ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेल्या. नाझींना धर्मांतराशी काही देणंघेणं नव्हतं. 1933 मध्ये पदं गेली, 1937 मध्ये पासष्टाव्या वर्षी गेस्टापोने त्यांना देशाबाहेर काढलं. मला जास्त बोचतं ते वेगळंच. त्यांच्या व्यवसायातले कितीतरी जण आपापल्या टेबलांवर तसेच बसून राहिले. सक्तीच्या नसबंदीसाठी माणसं हेरायला कल्याण खात्याच्या फायली कामी आल्या, आणि त्या फायली चोख ठेवलेल्या होत्या.

इरेना सेंडलर वॉर्सा पालिकेच्या समाजकल्याण विभागात होत्या. विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवत, त्याला विरोध केला म्हणून विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर कारवाई झाली होती. 1939 मध्ये जर्मन आले आणि ज्यूंची सरकारी मदत बंद झाली. इरेनाबाई आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी ज्यू कुटुंबं ख्रिस्ती नावांनी नोंदवायला सुरुवात केली. तपासनीस दारात येऊ नये म्हणून शेरा मारायचा: घरात टायफस. ज्यूद्वेषाला आमच्या व्यवसायाने दिलेलं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. ते दिलं गेलं फॉर्ममधल्या एका रकान्यात.

नोव्हेंबर 1940 मध्ये घेट्टो, म्हणजे ज्यूंची कोंडवस्ती, बंदिस्त झाला. जर्मनांना साथीची धास्ती, त्यामुळे आरोग्य तपासणीचा पास मिळाला की इरेनाबाईंना आत जाता येई. आतली मुलं त्यांनी बाहेर काढली ती रुग्णवाहिकेतून, गोणीतून, तळघरांतून. बाहेर प्रत्येकाला नवं नाव, पोलिश प्रार्थना आणि बाप्तिस्म्याचा दाखला. खरं नाव, आईवडील आणि सध्याचा पत्ता पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवत. पुढे ते कागद बरणीत घालून बागेत पुरले. 1943 च्या ऑक्टोबरात गेस्टापोने इरेनाबाईंना पकडलं, मारहाण केली. कागद काही हाती लागले नाहीत. ज्यूंना मदत करणाऱ्या 'झेगोता' या गुप्त संघटनेने लाच देऊन त्यांना सोडवलं. अडीच हजार मुलं वाचवली, असं सांगितलं जातं. त्या आकड्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तो असू दे.

युद्धानंतर यादी ज्यू संघटनेकडे गेली. बहुतेकांचे आईवडील ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले होते. लहानांना तर आपलं जुनं नाव आठवतही नव्हतं. सांभाळणाऱ्या काही घरांना मूल परत द्यायचं नव्हतं, आणि उरलेल्या नातेवाइकांना, ज्यू समाजाला ते आपलं म्हणून हवं होतं. मूल कुणाकडे राहावं, यावर माझ्या वर्गात दरवर्षी कडाक्याचं भांडण होतं. तास संपतो, निकाल मी देत नाही.